आरोग्याचे शिक्षण आणि आजाराची भाषा : अमेरिकेतील नवागत स्थलांतरितांच्या संदर्भात

१. विषयाची मांडणी

स्थलांतर हा तौलनिक साहित्याभ्यासाचा जुना विषय आहे. कादंबरी, आत्मकथन, निर्वासितांची कविता यांच्या आधारे त्याची चर्चा होत आली आहे. परंतु परक्या देशात नव्याने आलेला माणूस तेथील साहित्यापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी तेथील दवाखान्यात पोचतो. वैद्यकीय तपासणीचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतिपत्र, पुढील भेटीची वेळ कळवणारे पत्र या नव्या भाषेतील त्याच्या पहिल्या संहिता होत. साहित्यकृतीचे चुकीचे वाचन झाले तर अर्थाची हानी होते. या संहिता चुकीच्या वाचल्या गेल्या तर वाचणाऱ्याच्या देहाची हानी होऊ शकते.

अशा नवागतांना आरोग्य आणि आरोग्यव्यवस्था यांविषयी शिकवण्याचे प्रयत्न अनेक देशांत पद्धतशीरपणे होत आले आहेत. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनुभवाचा विचार केला आहे. या अनुभवाविषयी वैद्यक, मानवशास्त्र, कायदा आणि साहित्य अशा चारही अंगांनी लेखन झालेले असल्यामुळे तौलनिक अभ्यासकाला तो विशेष उपयुक्त आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, नवागतांचे आरोग्यशिक्षण म्हणजे जाणत्याने अजाणास माहिती पुरवणे नव्हे. ते दुहेरी भाषांतर आहे. त्यात व्यवस्थेची भाषा नवागताला शिकावी लागते आणि नवागताच्या आजाराची भाषा व्यवस्थेला शिकावी लागते. ज्या ठिकाणी यांपैकी दुसरा भाग वगळला गेला, तेथे पहिलाही पुरा झाला नाही.

२. अभ्यासक्रमात काय असते?

व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया येथील युद्धांनंतर आलेल्या निर्वासितांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेत १९८० साली निर्वासितविषयक कायदा झाला आणि पुनर्वसनाची एक निश्चित पद्धत रूढ झाली. त्या पद्धतीत प्रस्थानापूर्वी परदेशातच वैद्यकीय तपासणी आणि परिचयवर्ग, आगमनानंतर पुन्हा आरोग्यतपासणी, आणि पुढे पुनर्वसन करणाऱ्या संस्थांचे व प्रौढांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गांचे आरोग्यविषयक पाठ असा क्रम असे. या पाठांतील विषय वरवर पाहता अगदी साधे आहेत : तातडीच्या प्रसंगी ९११ हा क्रमांक केव्हा फिरवावा, तातडीच्या विभागात केव्हा जावे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे केव्हा, भेटीची वेळ कशी ठरवावी, विम्याचे कार्ड कोठे दाखवावे, औषधाची चिठ्ठी पुन्हा कशी भरून घ्यावी, सही करण्यापूर्वी काय विचारावे.

परंतु यांतील प्रत्येक सूचनेमागे एक गृहीतक दडलेले आहे. भेटीची वेळ आधी ठरवायची, यात आजार थांबून राहू शकतो हे गृहीत धरलेले असते. विमा घ्यायचा, यात अद्याप न झालेल्या आजाराची किंमत आज ठरवता येते असे मानलेले असते. तातडीचा विभाग आणि नेहमीचे डॉक्टर यांत भेद करायचा तर आपले दुखणे कितपत गंभीर आहे याचा निवाडा रुग्णाने स्वतः, दवाखान्यात पोचण्यापूर्वीच करावयाचा असतो. आपल्याकडील रुग्ण आपली कागदपत्रे पिशवीत घालून या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे जातो. तेथे बहुतेक कागद संस्थेपाशी राहतात आणि रुग्णाने ते मागून घ्यावे लागतात. म्हणजे शिकवायचे असते ते केवळ ‘काय करावे’ हे नव्हे. काळ, जोखीम आणि अधिकार यांविषयीची एक संपूर्ण धारणा शिकवायची असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे सुप्त क्षयसंसर्ग. क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांतून आलेल्या नवागतांची या संसर्गासाठी तपासणी केली जाते. शरीरात जंतू आहेत, पण आजार नाही, लक्षणे नाहीत आणि दुसऱ्याला लागणही होत नाही, अशी ही अवस्था आहे. ती पुढे आजारात बदलू नये म्हणून औषध घ्यावे लागते. पूर्वी ते बहुधा नऊ महिने घ्यावे लागे. आता तीन-चार महिन्यांच्या योजनांना प्राधान्य दिले जाते. ज्याला काहीही होत नाही अशा माणसाला ‘तुम्ही आजारी नाही, तरीही औषध घ्या’ असे सांगणे म्हणजे त्याच्या भाषेत नसलेला एक काळ त्याच्या भाषेत निर्माण करणे होय. त्यात लहानपणी बीसीजीची लस घेतलेली असल्यास त्वचेवरील चाचणीचा निष्कर्ष त्या लसीमुळेही होकारार्थी येऊ शकतो, आणि रुग्ण नेमका तोच मुद्दा मांडतो. त्याचा आक्षेप अज्ञानातून आलेला नसतो. म्हणूनच रक्ताच्या चाचणीचा पर्याय आणि त्यामागील कारण समजावून सांगणे हा शिक्षणाचाच भाग ठरतो.

शब्दांच्या पातळीवरील अडथळाही किरकोळ नाही. ‘दिवसातून एकदा’ या अर्थी इंग्रजी चिठ्ठीवर जो ‘वन्स’ हा शब्द छापला जातो, त्याच अक्षरांचा स्पॅनिशमधील शब्द ‘ओन्से’ असा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ अकरा असा होतो. एकच लिपी असलेल्या दोन भाषांत अशी गफलत संभवते, तर ज्यांच्या परंपरेत लेखनच अलीकडचे आहे त्यांची अडचण किती मोठी असेल याची कल्पना यावी.

३. मर्सेडची घटना

या अडचणीची सर्वाधिक चर्चिली गेलेली कथा ॲन फॅडिमन यांच्या ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाऊन’ या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. लाओसच्या डोंगराळ भागातील मोंग समाजातील अनेकांनी तेथील युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढा दिला होता. १९७५ नंतर त्यांना देश सोडावा लागला आणि थायलंडमधील छावण्यांतून अनेक कुटुंबे अमेरिकेत आली. त्यांतील पुष्कळ कुटुंबे कॅलिफोर्नियातील मर्सेड या शेतीप्रधान गावात स्थिरावली. अशाच एका कुटुंबात १९८२ साली जन्मलेल्या मुलीला वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून झटके येऊ लागले. डॉक्टरांच्या लेखी हा अपस्मार होता. आईवडिलांच्या लेखी तो ‘काउ दा पे’ होता. म्हणजे आत्मा देहापासून दुरावल्यामुळे आणि एका शक्तीने धरल्यामुळे माणूस कोसळणे. ही अवस्था त्यांना भीतिदायक वाटे, तशीच काहीशी मानाचीही वाटे, कारण असे झटके येणाऱ्यांतून पुढे उपचारक घडतात अशी त्यांची श्रद्धा होती.

येथे एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आईवडिलांनी मुलीला पहिल्या दोन वेळा रुग्णालयात नेले तेव्हा तेथे पोचेपर्यंत झटका थांबलेला होता आणि दुभाषा उपलब्ध नव्हता. काय घडले ते सांगण्यास भाषा नव्हती, म्हणून छातीचा विकार समजून उपचार झाले. तिसऱ्या वेळी, मार्च १९८३ मध्ये, झटका चालू असतानाच ती रुग्णालयात पोचली, आणि तेव्हाच निदान झाले. निदानासाठी आजाराचा वृत्तांत लागतो. तो सांगण्याची सोय नसल्यामुळे मुलीच्या देहालाच प्रत्यक्ष साक्ष द्यावी लागली.

पुढील चार वर्षांच्या आत तिच्या औषधयोजनेत तेवीस वेळा बदल झाले. आईवडिलांना वाचता येत नव्हते. औषधांची नावे, प्रमाण आणि वेळा सतत बदलत होत्या. शिवाय काही औषधांचे दुष्परिणाम त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते. ते औषधे सांगितल्याप्रमाणे देत नाहीत म्हणून १९८५ साली न्यायालयाच्या आदेशाने मुलीला काही महिने पालक-कुटुंबाकडे सोपवण्यात आले. ती घरी परतल्यानंतर नोव्हेंबर १९८६ मध्ये तिला तीव्र झटका आला आणि मेंदूची कायमची हानी झाली. या हानीच्या मुळाशी रक्तातील जंतुसंसर्ग होता आणि झटक्यांवरील औषधाने तिची प्रतिकारशक्ती कमी केली असावी, अशी शक्यताही पुढे ग्रंथात नोंदवली गेली. म्हणजे आईवडिलांचे औषधांविषयीचे भय सर्वस्वी निराधार होते असे म्हणता येत नाही. त्यानंतर २०१२ साली मृत्यू येईपर्यंत, सुमारे पंचवीस वर्षे, घरच्यांनी तिची शुश्रूषा केली.

या प्रकरणात शिक्षणाचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. डॉक्टर कष्टाळू होते, परिचारिका घरी जात होत्या, बाटल्यांवर खुणा केल्या जात होत्या. परंतु हे सर्व शिक्षण एकाच दिशेने चालले होते. मुलीला काय झाले आहे असे आईवडिलांना वाटते, हा प्रश्न तेव्हा कोणी रीतसर विचारलेला नव्हता.

४. रोग आणि दुखणे

हा प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र तोपर्यंत उपलब्ध झाली होती. मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी लिओन आयझेनबर्ग आणि बायरन गुड यांच्यासह १९७८ साली एका निबंधात रोग आणि आजारपण यांत भेद केला. वैद्यकाला दिसते तो रोग. रुग्ण आणि त्याचे आप्त यांना जे भोगावे लागते ते आजारपण. मराठीत हा भेद आपल्या बोलीतच आहे. ‘रोग’ हा शब्द आपण निदानासाठी वापरतो आणि ‘दुखणे’ हा शब्द भोगण्यासाठी. माणूस ‘दुखणाईत’ असतो तो रोगामुळे, परंतु त्याचे दुखणे रोगापेक्षा मोठे असते. त्यात घर, काम, कर्ज आणि नातीही येतात.

क्लाइनमन यांच्या मते रुग्ण आणि वैद्य या दोघांपाशीही आजाराचे एक ‘स्पष्टीकरण’ असते. रुग्णाचे स्पष्टीकरण जाणून घेण्यासाठी त्यांनी काही प्रश्न सुचवले. ते असे : या त्रासाला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते? तेव्हाच का सुरू झाला? तो शरीरात काय करतो? किती दिवस राहील? कोणता उपचार व्हावा असे वाटते? त्यापासून काय मिळावे? या त्रासाची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रश्न ओळखीचे वाटतील. नाव, कारण, आरंभ, विस्तार, शेवट आणि भय ही कथनाचीच अंगे आहेत. मर्सेडच्या प्रकरणाविषयी फॅडिमन यांच्याशी बोलताना क्लाइनमन यांनी रुग्णाने ‘आज्ञापालन’ केले की नाही ही परिभाषाच सोडून द्यावी असे सुचवले आणि वैद्यकाचीही एक संस्कृती असते, तिचा प्रभाव कमी लेखू नये, याकडे लक्ष वेधले.

शरीराविषयीची भाषा किती भिन्न असू शकते याचे मोंग भाषेतील एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. त्या भाषेत भावनांचे स्थान यकृत आहे. खिन्नता किंवा चिंता यांसाठी ‘न्यूआ शिया’ असा शब्दप्रयोग येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘यकृत अवघड होणे’. मोंग स्त्री असे म्हणाली आणि दुभाष्याने शब्दशः अनुवाद केला तर डॉक्टर पोटाची तपासणी करील. मराठी अभ्यासकाला हे परके वाटू नये. खाटकाच्या दुकानात ‘काळीज’ म्हणजे यकृत. परंतु ‘काळीज तुटते’, ‘काळजाला घर पडते’ असे आपण म्हणतो तेव्हा ते हृदयही नसते आणि यकृतही नसते. मुलांकडे अमेरिकेत राहण्यास गेलेले मराठी आईवडील ‘पित्त झाले आहे’, ‘अंगात कणकण आहे’, ‘उष्णता झाली’, ‘जीव घाबरा होतो’ अशी तक्रार सांगतात, तेव्हा अनुवादकाला कोशापेक्षा अधिक काही लागते. ‘उष्णता झाली’ म्हणणाऱ्याला ताप असेलच असे नाही.

५. दुभाषा : दोन भाषांमधील तिसरा माणूस

आरोग्यशिक्षणाच्या केंद्रस्थानी दुभाषा असतो. अर्थ किती गेला आणि किती उरला हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पॅनिशभाषक बालरुग्णांच्या १३ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. त्यांत दुभाष्यांच्या ३९६ चुका आढळल्या. एका भेटीत सरासरी ३१. सर्वांत अधिक चुका मजकूर गाळण्याच्या होत्या. सुमारे ६३ टक्के चुकांचे वैद्यकीय परिणाम संभवत होते. रुग्णालयाच्या दुभाष्यांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के, तर ऐन वेळी उभ्या केलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत ७७ टक्के होते. या दुसऱ्या गटात परिचारिका आणि समाजसेविका होत्या, तसेच रुग्णाचे अकरा वर्षांचे भावंडही होते. आईच्या आजाराचे नाव मुलाने तिला सांगावे, ही स्थिती भाषिक गैरसोयीपेक्षा फार वेगळी आहे. तिने घरातील वडीलधारेपणाची रचनाच उलटते.

दुभाषा नसणे हे संकट दिसते तरी; तो लागतच नाही असे वाटणे हे अधिक मोठे संकट आहे. १९८० साली दक्षिण फ्लोरिडातील एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या क्यूबन वंशाच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत आणले गेले. आप्तांनी तो ‘इन्तोक्सिकादो’ आहे असे सांगितले. क्यूबन स्पॅनिशमध्ये खाण्यापिण्यातून काही बाधल्यास हा शब्द वापरतात, आणि अन्नातून विषबाधा झाली असावी असा त्यांचा समज होता. इंग्रजी कानांना तो शब्द नशेत असल्याचे सांगणारा वाटला. अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे निदान गृहीत धरून उपचार सुरू झाले. वस्तुतः त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो लक्षात येण्यास दीड दिवसाहून अधिक काळ गेला आणि त्या तरुणाचे चारही अवयव कायमचे निकामी झाले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली. तेथे दुभाषा बोलावला गेला नाही, कारण दोन्ही पक्षांना आपण एकमेकांचे बोलणे समजलो असे वाटत होते. दोन भाषांतील सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा हा धोका भाषांतर-अभ्यासात नेहमी चर्चिला जातो; येथे त्याची किंमत एका आयुष्याने मोजली.

या अनुभवांमागोमाग भाषेचा प्रश्न हक्काच्या कक्षेत आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्र शासनाचा निधी घेणाऱ्या संस्थेस राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करता येत नाही. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील चिनीभाषक विद्यार्थ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न समजणाऱ्या भाषेतील सारखेच शिक्षण म्हणजे समान वागणूक नव्हे, असा निर्णय दिला. तेच तत्त्व पुढे रुग्णालयांना लागू पडले. २००० साली अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी कमी जाणणाऱ्यांसाठी भाषिक सोयीचे धोरण ठरले. २०१० च्या आरोग्यकायद्यात भेदभावविरोधी कलम आले, आणि त्याखालील २०१६ च्या नियमांनी तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषे म्हणून वापरण्यास मनाई केली. मात्र जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांच्या प्रवेशाचा कार्यक्रम स्थगित करण्यात आला. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीस अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्षीय आदेश निघाला आणि त्याद्वारे २००० चा आदेश रद्द झाला. १९६४ आणि २०१० चे कायदे त्यामुळे रद्द झालेले नाहीत. परंतु दुभाष्याची सोय हा हक्क की सवलत, हा वाद पुन्हा उघडला गेला आहे.

६. वाङ्मयप्रकार आणि शिकवण

आरोग्याची माहिती कोणत्या वाङ्मयप्रकारात दिली जाते, यावर ती स्वीकारली जाणे अवलंबून असते. मोंग भाषेची आज प्रचलित असलेली रोमन लेखनपद्धती १९५० च्या दशकाच्या आरंभी लाओसमध्ये मिशनऱ्यांनी घडवली. जुन्या पिढीतील अनेकांना तीही अवगत नव्हती. अशा लोकांसाठी माहितीपत्रकाचा मोंग अनुवाद छापणे म्हणजे अनुवाद झाल्याचे समाधान मिळवणे, एवढेच होते. जो समाज कथा, गीत आणि विधी यांतून ज्ञान देतो-घेतो, त्याला पत्रक हा प्रकारच परका असतो.

याउलट उदाहरण लॉस एंजेलिसमधील आहे. लॅटिन अमेरिकेत फोटोनोव्हेला, म्हणजे छायाचित्रे आणि संवाद यांतून उलगडणारी कथापुस्तिका, हा लोकप्रिय प्रकार आहे. नैराश्याविषयी अशी एक पुस्तिका आणि सोप्या भाषेतील साधे पत्रक यांची तुलना प्रौढशिक्षणाच्या वर्गांतील लॅटिन स्थलांतरितांमध्ये करण्यात आली; तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दोन्हींमुळे माहिती वाढली. परंतु औषधोपचाराविषयीची आणि मानसोपचाराविषयीची लाज कथापुस्तिका वाचणाऱ्यांत अधिक कमी झाली, आणि ती घरच्यांना वा मित्रांना देण्याची शक्यताही वाचकांना अधिक वाटली. माहिती दोन्ही साधनांत होती. लाज मात्र कथेनेच अधिक कमी केली. साहित्याचे अभ्यासक ज्याला वाङ्मयप्रकाराची शक्ती म्हणतात तिचा हा साधा पुरावा आहे.

वर्गातील अध्यापनपद्धतीतही असाच बदल झाला. ‘समजले का?’ या प्रश्नाला नवागत बहुधा ‘हो’ म्हणतो. ‘नाही’ म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटते किंवा स्वतःची लाज उघडी करणारे वाटते. म्हणून ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावयास लावण्याची पद्धत रूढ झाली. ‘घरी गेल्यावर हे औषध कसे द्यायचे ते तुमच्या सासूबाईंना कसे सांगाल?’ असे विचारले की परीक्षा रुग्णाची न होता सांगणाऱ्याची होते. पाउलो फ्रेरे यांनी ज्या अध्यापनास बँकेत ठेव ठेवण्याची उपमा दिली, त्याच्या नेमकी विरुद्ध अशी ही रीत आहे. तीत शिकणारा पुनःकथनकार होतो, आणि पुनःकथनात काय गळाले, काय बदलले हे दोघांनाही दिसते.

मर्सेडमध्येच या दिशेने महत्त्वाचा प्रयोग झाला. मोंग समाजातील उपचारकांना ‘त्सी नेंग’ म्हणतात. आपल्याकडील भगत किंवा देवऋषी यांच्याशी त्यांची ढोबळ तुलना करता येईल, परंतु त्यांचे मुख्य काम हरवलेल्या आत्म्याला परत आणण्याचे असते. एका स्थानिक संस्थेने या उपचारकांसाठी सात आठवड्यांचा परिचयवर्ग सुरू केला. त्यात त्यांना रुग्णालयाचे विभाग दाखवण्यात आले, सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवण्यात आल्या आणि जंतूंची कल्पना समजावून सांगण्यात आली. २००९ पर्यंत अशा प्रशिक्षित उपचारकांची संख्या सुमारे १४० झाली होती. त्याच वर्षी गावातील मर्सी मेडिकल सेंटरने रीतसर धोरण ठरवून त्यांना धर्मगुरूंप्रमाणे रुग्णांपाशी जाण्याची आणि ठरावीक विधी करण्याची मुभा दिली. उपचारक रुग्णालयाची भाषा शिकले आणि रुग्णालय त्यांच्या विधींची. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेले दुहेरी भाषांतर ते हेच. शस्त्रक्रिया शस्त्रवैद्यानेच करावयाची, हे त्यात बदलले नाही; परंतु रुग्ण शस्त्रक्रियेस संमती देण्याची शक्यता वाढली.

मराठीलाही अशा भाषांतराची स्मृती आहे. लसीकरण आले तेव्हा आपल्या भाषेने त्यास ‘देवी काढणे’ असे म्हटले. ज्या शब्दात आजार आणि देवता एकत्र नांदत होत्या, त्याच शब्दाच्या घरात परक्या उपायाला जागा मिळाली.

७. एक आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाही गेला आहे. मानवशास्त्रज्ञ जॅनेल टेलर यांनी २००३ साली फॅडिमन यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना असे दाखवले की त्या ग्रंथाची घडण शोकांतिकेची आहे. शोकांतिकेत पात्रे सज्जन असूनही नाश अटळ असतो, आणि येथे त्या अटळपणाचे स्थान संस्कृतीला मिळते. मग वैद्यकीय विद्यार्थी हा ग्रंथ वाचून मोंग म्हणजे अमुक, अशी यादी पाठ करतो. दुभाषा का नव्हता, त्यासाठी पैसा कोणी द्यायचा होता, या राजकीय प्रश्नांचे उत्तर ‘संस्कृती’ या शब्दाखाली झाकले जाते.

हा आक्षेप मान्य केला पाहिजे. मर्सेडच्या पहिल्या दोन भेटींत निदान चुकले ते आत्म्याविषयीच्या श्रद्धेमुळे नव्हे. तेथे दुभाषा नव्हता म्हणून. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी १९९८ साली सांस्कृतिक ‘निपुणते’ऐवजी सांस्कृतिक ‘नम्रते’ची कल्पना मांडली, तिचे महत्त्व येथेच आहे. निपुणता म्हणजे दुसऱ्याविषयीचे ज्ञान पूर्ण झाल्याचा दावा. नम्रता म्हणजे प्रत्येक रुग्णाला पुन्हा विचारण्याची तयारी. चांगला भाषांतरकारही कोशावर विसंबून राहत नाही, प्रत्येक वाक्यापाशी पुन्हा थांबतो. मात्र विचारण्यासाठी दोघांत एक भाषा लागते, आणि ती भाषा पुरवणे ही सद्भावनेची नव्हे, तर व्यवस्थेची जबाबदारी आहे.

८. समारोप

हा प्रश्न आपल्या देशाबाहेरचा मानण्याचे कारण नाही. भारतात बहुतेक ठिकाणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यास परवाना लागत नाही. परंतु भाषा बदलते आणि तिच्याबरोबर दवाखानाही बदलतो. केरळच्या राज्य साक्षरता मिशनने २०१७ साली परप्रांतीय कामगारांसाठी ‘चंगाती’, म्हणजे मित्र, या नावाचा मलयाळम शिकवण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी ‘हमारी मलयालम’ हे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. हे या प्रश्नाची जाण दर्शवणारे आहे. आपल्याच दोन निकटच्या भाषांत काय घडू शकते हे पाहायचे असेल तर ‘जुलाब’ हा एकच शब्द पुरेसा आहे. मराठी रुग्णाला जुलाब ‘होतात’, म्हणजे तो त्याचा त्रास असतो. हिंदी कोशांत त्या शब्दाचा अर्थ रेचक औषध असा दिलेला आढळतो. दोघेही समजल्याप्रमाणे मान डोलावतील, आणि फ्लोरिडातील त्या रात्रीप्रमाणे कोणालाही दुभाषा बोलावण्याची गरज वाटणार नाही.

तौलनिक साहित्याभ्यासाने या क्षेत्राकडे वळावे ते केवळ नवे विषय हवेत म्हणून नव्हे. आजाराचे कथन, त्याचे पुनःकथन, त्यातील गाळलेल्या जागा, फसवे शब्द आणि वाङ्मयप्रकाराचे सामर्थ्य यांविषयी आपल्या विद्याशाखेने जे कमावले आहे त्याची तेथे प्रत्यक्ष गरज आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रिटा शॅरन यांनी वैद्यक आणि इंग्रजी साहित्य या दोन्हींचे शिक्षण घेऊन ‘कथनात्मक वैद्यका’ची मांडणी केली आणि डॉक्टरांना बारकाईने वाचायला शिकवले. आपल्या बहुभाषिक देशात या कामाचा आरंभ याहून साधा असू शकतो. ज्या जिल्ह्यात परभाषक मजूर आले आहेत, तेथील बोलींत दुखण्याला कोणते शब्द आहेत, त्यांतील कोणते शेजारच्या भाषेत फसवे ठरतात, याचा एक विश्वासार्ह संग्रह आपले भाषाविभाग तयार करू शकतात. त्या संग्रहाचा पहिला वाचक रुग्ण नसून दवाखान्यातील कर्मचारी असावा. नवागताला शिकवण्याचा आरंभ त्याच्याकडून काही शिकण्याने व्हावा, हे तत्त्व त्या संग्रहाच्या रूपाने व्यवहारात उतरेल.